क्रूझवरचं डायनिंग पॅकेज: पाचांचं घ्यायचं की कोणाचंच नाही?

प्रश्न थोडक्यात असा. मुलुंडच्या एक वाचक लिहितात की लग्नाला २५ वर्षं होतायत म्हणून दिवाळीनंतर सिंगापूरहून ४ रात्रींची क्रूझ बुक केलीय, पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूर. सोबत सासू-सासरे आणि १६ वर्षांचा मुलगा. जहाजावरचं जेवण तिकिटातच आहे, पण एजंट म्हणतो की 'ते साधं जेवण हो, खरी मजा स्पेशॅलिटी रेस्टॉरंटमध्ये', आणि जहाजावरच्याच पण वेगळे पैसे लागणाऱ्या या रेस्टॉरंट्समध्ये हवं तितक्या वेळा जेवायचं 'अनलिमिटेड' पॅकेज माणशी १३५ डॉलर, वर १८ टक्के सर्व्हिस चार्ज. ऑफर दोनच दिवस. पॅकेज न घेता सुट्टं खाल्लं तर स्टेकहाउसचं डिनर ६५ डॉलर, इटालियनचं ४५, लंच २५, त्यावरही तेच १८ टक्के. मिस्टरांचं म्हणणं, एकदाचे पैसे भरून टाकू म्हणजे तिथं डोक्याला ताप नको. सासूबाई शुद्ध शाकाहारी, संकष्टी करतात, आणि प्रवासात नेमकी एक संकष्टी येतेय. सासऱ्यांना रात्री आठला पान वाढलेलं लागतं. मुलगा चिकन-मासे सगळं हाणतो, बीफ मात्र घरात कोणीच खात नाही. शेवटी त्या लिहितात, 'आम्ही दोघांनीच वेगळं जेवायला जाणं काही बरं दिसणार नाही, त्यामुळे घेतलं तर पाचांचं नाहीतर कोणाचंच नको. इतक्या वर्षांत दोघंच बाहेर जेवायला असे फार कमी वेळा गेलोय. पैसे वाया जातील का हो?'

ताई, आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे दोन दिवसांच्या ऑफरच्या टेन्शनमध्ये पुढचं वाचायला लागणार नाही. पाचांचं पॅकेज घेऊ नका. 'कोणाचंच नको' हेही मला पटलेलं नाहीये, पण त्याकडे जरा नंतर येते, कारण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट तिथंच आहे आणि ती डॉलरची नाहीये.

सुरुवात त्या 'साधं जेवण' पासून करू. हा शब्द तुमचा नाही, एजंटचा आहे, आणि त्याच्या एका शब्दाने तुम्ही आधीच पैसे भरलेलं जेवण अचानक दुय्यम होऊन बसलंय. मोठ्या जहाजांवर तिकिटात काय काय येतं ते बघा. मुख्य डायनिंग रूम असते, तिथं टेबलावर पांढरा कपडा, रोज बदलणारा मेन्यू, स्टार्टर, मेन कोर्स, डेझर्ट, वेटर येऊन वाढणार, आणि तुम्ही दोन स्टार्टर मागवले किंवा एक मेन कोर्स आवडला नाही म्हणून दुसरा मागितला तरी साधारणपणे कोणी भुवया उंचावत नाही. शिवाय बुफे असतो, पिझ्झाचा काउंटर असतो, कॅफेत सँडविच-केक असतात. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवर आपली भारतीय मंडळी भरपूर असतात त्यामुळे बुफेत डाळ, भात, भाजी, रोटी सापडते, आणि मुख्य डायनिंग रूममध्ये पहिल्याच रात्री हेड वेटरला सांगून ठेवलं की आम्हाला रोज भारतीय शाकाहारी हवंय तर दुसऱ्या दिवसापासून बहुतेक ठिकाणी सोय होते. मला स्वतःला तर मुख्य डायनिंग रूमच जास्त आवडते, कारण वेळ ठरलेली असेल तर वेटर तोच राहतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला कळलेलं असतं की आजींना गरम पाणी लागतं आणि पोराला ब्रेडची दुसरी टोपली.

मग स्पेशॅलिटी रेस्टॉरंट असतात तरी कशाला? तर हा काही आजचा शोध नाही. १९१२ च्या टायटॅनिकवरसुद्धा फर्स्ट क्लासच्या मोठ्या जेवणघराशिवाय मेन्यूतून निवडून मागवायचं एक वेगळं आ ला कार्ट रेस्टॉरंट होतं, लुइजी गाट्टी नावाचे इटालियन गृहस्थ ते चालवायचे आणि तिथं फर्स्ट क्लासवाल्यांनाही वेगळे पैसे मोजावे लागायचे. म्हणजे ज्याने आधीच सगळ्यात महागाचं तिकीट काढलंय त्यालाही अजून थोडं वरचं काहीतरी विकता येतं हे जहाजवाल्यांना शंभरेक वर्षांपूर्वीच कळलं होतं. आज तर तो धंद्याचा मोठा भाग झालाय. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपनीच्या कमाईत साधारण ७० टक्के वाटा तिकिटांचा आणि ३० टक्क्यांच्या आसपास जहाजावरच्या खर्चाचा आणि इतर गोष्टींचा असतो, म्हणजे दारू, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट, आणि ही रेस्टॉरंट्स. त्यात वाईट काही नाही, तिकीट त्यामुळेच थोडं आवाक्यात राहतं. फक्त तुमचा एजंट 'खरी मजा' म्हणतो तेव्हा ती कोणाच्या वहीत जमा होते एवढं लक्षात असू द्या.

आता हिशोब. तुम्ही आकडे दिलेत ते बरं झालं, नाहीतर लोक नुसतं 'महाग वाटतंय' लिहितात आणि मग मी काय बोलणार. माणशी १३५ डॉलर, पाच जणांचे ६७५, त्यावर १८ टक्के म्हणजे १२१.५०, एकूण ७९६.५० डॉलर. डॉलर सोयीसाठी ९० रुपये धरला तर ७१ हजार ६८५ रुपये. तुमच्या मुलाला १६ व्या वर्षी मोठ्या माणसाचाच दर लागणार, कमी दर बऱ्याच जहाजांवर ६ ते १२ वर्षांच्या मुलांना असतो. परत, पैसे क्रेडिट कार्डाने डॉलरमध्ये भरणार असाल तर बँक बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावते आणि त्या मार्कअपवर जीएसटी, ते एजंट सांगत नाही कारण ते त्याच्या बिलात दिसतच नाही.

या पैशात काय मिळत नाही तेही विचारून घ्या. डायनिंग पॅकेजमध्ये सहसा पेयं नसतात. कोल्ड्रिंक, बिअर, वाइन याचं बिल वेगळं. स्टेकहाउसमध्ये काही खास कट किंवा मोठं लॉबस्टर यांना पॅकेजवरही जादा पैसे लागू शकतात, आणि शेफ्स टेबलसारखं एखादं खास डिनर बहुतेक वेळा पॅकेजच्या बाहेरच असतं. 'अनलिमिटेड' हा शब्द रेस्टॉरंटच्या दारापर्यंतचा असतो, आत गेल्यावर मेन्यू वाचायलाच लागतो.

आणि आता त्या १३५ कडे जरा नीट बघा. स्टेकहाउस ६५, इटालियन ४५, लंच २५. बेरीज केली? बरोब्बर १३५. म्हणजे दोन डिनर आणि एक लंच झालं की पॅकेजचे पैसे सुटले, त्यापुढचं सगळं फुकट, असं एजंटने तुम्हाला नक्की सांगितलं असणार आणि गणित म्हणून ते बरोबरच आहे. पण हा हिशोब कशाशी चाललाय? सुट्ट्या दराशी. तो सुट्टा दर कोणी ठरवला? ज्याला पॅकेज विकायचंय त्यानेच. तुमच्यापुढे खरी निवड '१३५ डॉलरचं पॅकेज की १३५ डॉलरची तीन सुट्टी जेवणं' अशी नाहीच आहे, कारण पॅकेज नसतं तर तुम्ही पाच जण तीन-तीन वेळा सुट्टे पैसे देऊन तिथं गेला असतात का? नसतात गेला. तुमची निवड आहे ७१ हजार रुपये की ज्याचे पैसे आधीच भरलेत ते जेवण. लोकलचा पास काढताना आपल्याला हे बरोबर कळतं, महिन्यातून चार दिवस ऑफिसला जाणारा माणूस क्वार्टरली पास काढत नाही, रोज सुट्टं तिकीट कितीही महाग दिसलं तरी, कारण तो आधी दिवस मोजतो.

तर तुमच्या संध्याकाळी मोजू. रात्री चार आहेत, पण सगळ्या सारख्या नाहीत.

पहिली रात्र. मुंबईहून सिंगापूरची फ्लाइट साडेपाच तासांची, घड्याळ अडीच तास पुढे, आणि बरेच जण रात्रीच्या विमानाने पहाटे उतरून त्याच दिवशी जहाजावर चढतात. तुमचंही तसंच असेल तर त्या संध्याकाळी सासरे सूप पिऊन झोपणार आणि तुम्ही बॅगेत चार्जर शोधत असणार. जहाज फिरून बघायचं, केबिन सापडायला शिकायचं. अशा वेळी दीड-दोन तासांचं निवांत डिनर हे सुख नसून शिक्षा आहे. गंमत म्हणजे स्पेशॅलिटी रेस्टॉरंटमध्ये टेबल सगळ्यात सहज याच रात्री मिळतं. कारण उघड आहे.

दुसरा दिवस पेनांग. इथं मात्र मी हट्टाने सांगणार. जहाज संध्याकाळपर्यंत बंदरात असेल तर बाहेर जेवा. पेनांगचं जॉर्ज टाउन २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि क्रूझची जहाजं स्वेटनहॅम पिअरला लागतात तिथून लिटल इंडिया चालत जाण्यासारखं आहे. सासूबाईंना इडली-डोसा, केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवण तिथं मिळेल, आणि पोराला रस्त्यावरच्या गाड्यांवर 'चार क्वे टिओ' आणि लाक्सा हे नूडल्सचे प्रकार, आणि नासी कंदार म्हणजे रश्शाबरोबरचा भात. ते गाव खाण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि बाहेरून माणसं तिथं मुद्दाम खायला येतात. अशा ठिकाणी 'चला लवकर परत, पॅकेजचं जेवण वाया जाईल' म्हणत जहाजाकडे पळायचं? पॅकेजचा हा तोटा कुठल्याच बिलावर छापलेला नसतो, पण घेतलं की तो मागे लागतोच. आपण मुंबईकर तर वसुलीच्या बाबतीत जरा जास्तच कर्तव्यदक्ष.

तिसरा दिवस फुकेत. दिवसभर उन्हात, बोटीत, वाळूत. संध्याकाळी सगळे अर्धमेले होऊन येणार, अंघोळ करून बुफेत जे दिसेल ते खाणार. चौथा दिवस पूर्ण समुद्रात, तोच खरा निवांत. स्पेशॅलिटीचं लंच बहुतेक जहाजांवर समुद्रातल्या दिवशीच असतं, म्हणजे तुमच्या वाट्याला लंच एकच. तर चारपैकी खऱ्या उपयोगाची संध्याकाळ एक, फार ओढून ताणून दीड.

खाण्याचं म्हणाल तर त्यातही एक गोम आहे आणि ती तुम्हीच लिहिलीय, घरात बीफ कोणी खात नाही. स्टेकहाउसचा तो ६५ डॉलरचा दर मुळात बीफचा दर आहे. चांगलं मांस, ते मुरवणं, ते बरोबर भाजणारा माणूस, याचे ते पैसे. तुम्ही तिथं जाऊन चिकन किंवा सामन मासा खाणार, क्वचित लँब चॉप्स, म्हणजे ज्या गोष्टीसाठी ते दुकान उघडलंय ती सोडून बाकी सगळं. सासूबाईंसाठी तिथं काय, मॅश केलेला बटाटा, मशरूम, शतावरी, एखादं सॅलड, आणि नशीब चांगलं असेल तर एखादा शाकाहारी मेन कोर्स. ७६ डॉलर ७० सेंट, सर्व्हिस चार्जसकट. बटाट्याचे. मी हे चेष्टेत म्हणतेय पण बिल खरंच तसंच येणार आहे. इटालियनचं तसं नाही, तिथं पास्ता, रिझोटो, चीज, टोमॅटो, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, फक्त सूप आणि सॉसमध्ये चिकन स्टॉक आहे का आणि चीज शाकाहारी आहे का हे आधी विचारायचं. जपानी किंवा तेपान्याकी (समोरच तव्यावर शिजवून देतात ते) असेल तर मुलगा खूश होईल, आजी-आजोबा मात्र समोर उडणारी अंडी बघून कितपत खूश होतील ते तुम्हालाच माहीत.

मिस्टरांचा मुद्दा मी उडवून लावत नाहीये. 'एकदाचे भरले की डोक्याला ताप नाही' हे सुट्टीत खरंच मोलाचं असतं, दर जेवणाला डॉलरचे रुपये करत बसणारा माणूस सोबत असला की इतरांचीही मजा जाते. पण ताप नको हेच हवं असेल तर तो पर्याय तुमच्या तिकिटात आधीच आहे ना, डायनिंग रूममध्ये बसा, खा, उठा, बिल नाही. पॅकेज घेतल्यावर उलट ताप सुरू होतो. काही जहाजांवर पॅकेजवाल्यांना आधी फक्त पहिल्या रात्रीची वेळ ठरवता येते आणि बाकीच्या टेबलांसाठी चढल्या चढल्या रेस्टॉरंटच्या काउंटरवर जायला लागतं. मग साडेसातचं मिळत नाही, साडेपाच किंवा नऊ मिळतं, त्यात शोची वेळ आडवी येते, आणि सासऱ्यांचे आठ कुठेच बसत नाहीत. हे सगळं जमवणार कोण? पत्र कोणी लिहिलंय त्यावरून मला अंदाज आहे.

आता ती नंतर येते म्हटलेली गोष्ट. तुमचं पत्र मी परत वाचलं तेव्हा जाणवलं की जेवणाबद्दलची खरी इच्छा त्यात एकदाच आलीय, आणि ती पॅकेजबद्दल नाहीये. 'दोघंच बाहेर जेवायला फार कमी वेळा गेलोय' हे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, आणि त्याच्या आधीच्या वाक्यात ते होऊच शकत नाही असंही ठरवून टाकलंय, कारण बरं दिसणार नाही. कोणाला बरं दिसणार नाही? सासूबाई तसं कधी बोलल्यात का? पत्रात तरी नाही. त्यांना विचारलंत का? तेही नाही. म्हणजे जो आक्षेप कोणी घेतलेलाच नाही तो टाळण्यासाठी तुम्ही पाच जणांचे ७१ हजार भरायला तयार झालाय. एवढ्या पैशात तुम्ही फक्त एक वाक्य बोलायचं टाळताय, 'आई, शनिवारी रात्री आम्ही दोघं जरा वेगळे जेवायला जाणार आहोत.' आणि त्यातून मिळणार काय, तर पाच जणांचं टेबल, जिथं तुम्ही आजींना मेन्यू समजावून सांगताय, मुलाचा फोन खाली ठेवायला लावताय आणि सासऱ्यांना 'येतंच आहे जेवण' म्हणताय. म्हणजे घरचंच जेवण, फक्त डॉलरमध्ये.

मला हेही माहितीये की हे लिहायला सोपं आहे. आपल्याकडे एकत्र प्रवासात निघाल्यावर वेगळं ताट म्हणजे जणू वेगळी चूल, आणि सून म्हणून तो ठपका तुमच्यावर आधी येणार, त्यांच्या मुलावर नाही. म्हणून माझं सुचवणं असं आहे की हे वाक्य मिस्टरांनी बोलावं, त्यांच्या आईशी, आणि जहाजावर चढल्यावर नाही तर इथंच, मुंबईत, तयारीच्या गडबडीत सहज. परवानगी मागितल्यासारखं नको, सांगितल्यासारखं. 'शेवटच्या रात्री आम्ही दोघं पंचविसाव्याचं जेवायला जातोय, तुम्ही तिघं डायनिंग रूममध्ये जेवा, आर्यन बरोबर आहे' (नाव मी आपलं ठेवलंय, तुम्ही लिहिलेलं नाही). १६ वर्षांचा मुलगा आजी-आजोबांना टेबलापर्यंत नेऊ शकतो, वेटरला इंग्लिशमध्ये सांगू शकतो, आणि त्याला ते जबाबदारी म्हणून दिलं तर आवडतंही. बहुतेक घरांत सासूबाईंची प्रतिक्रिया 'जा की, त्यात काय विचारायचं' अशीच येते. नाही आली, जरा तोंड वाकडं झालं, तरी एका संध्याकाळचं वाकडं तोंड सहन करण्याएवढं २५ वर्षांत तुम्ही कमावलेलं आहे असं मला वाटतं.

आणि सगळ्यांनी मिळून काहीतरी खास करायची हौस असेलच, तर चौथ्या दिवशी दुपारी पाचही जण लंचला जा. २५ डॉलरप्रमाणे पाचांचे १२५, सर्व्हिस चार्ज धरून १४७.५०, म्हणजे १३ हजार २७५ रुपये. इटालियन दुपारी उघडं असेल तर उत्तम, जेवण रात्रीपेक्षा हलकं, उजेड असतो, फोटो चांगले येतात, सासऱ्यांच्या आठचा प्रश्न नाही. रात्री तुम्ही दोघं इटालियनला गेलात तर दोघांचे १०६.२० डॉलर, साधारण ९ हजार ५६० रुपये. दोन्ही केलंत तरी २२-२३ हजारांत आटपतं, पॅकेजच्या एक तृतीयांशाहून कमी. एकाच दिवशी दोनदा पास्ता नको वाटला तर लंच सोडा, डिनर सोडू नका.

डिनरसाठी चौथी रात्रच का म्हणतेय, तर तो समुद्रातला दिवस, दुपारी झोप झालेली असते, केस विंचरायला वेळ असतो. एकच अडचण, शेवटच्या रात्री बॅगा भरून केबिनच्या बाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा पॅकिंग दुपारीच उरका आणि रात्रीचे कपडे हँडबॅगेत ठेवा. अशा रेस्टॉरंटमध्ये हाफ पँट, बनियनसारखे टीशर्ट, पोहण्याचे कपडे चालत नाहीत, बाकी साडी, कुर्ता सगळं छान चालतं. पैठणी नेणार असाल तर हीच रात्र. आणि ही रात्र सगळ्यांनाच हवी असते म्हणून बुकिंग मुंबईतूनच करा.

दोन दिवसांच्या ऑफरचं काय? ती जाऊ द्या. या पॅकेजचे दर कायम वरखाली होत असतात, जहाजागणिक, तारखेगणिक, सणासुदीच्या सेलप्रमाणे. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांमध्ये आधी घेतलेली अशी गोष्ट प्रवासापूर्वी ठरावीक मुदतीपर्यंत रद्द करून कमी दराने परत घेता येते, तेव्हा बुकिंग नंबर एजंटकडून मागून घ्या, कंपनीच्या साइटवर स्वतःचं अकाउंट काढा आणि दर तिथंच बघत जा. रद्द करायची मुदत कधीपर्यंत आणि पैसे कार्डावर परत येतात की जहाजावरच्या खात्यात जमा होतात, हे दोन प्रश्न एजंटला लेखी विचारा. एजंट वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, व्हिसा-फ्लाइटच्या भानगडीत तोच कामी येणार आहे, पण त्याला पॅकेजवर काही सुटतं का हे हसत हसत विचारायला हरकत नाही.

संकष्टीबद्दल वेगळं लिहिते कारण यात लोक हमखास गडबडतात. कालनिर्णयमधली मुंबईची चंद्रोदयाची वेळ तिथं चालणार नाही, त्या रात्री जहाज जिथं असेल तिथली वेळ बघायची, आणि जहाजावर सिंगापूरचं घड्याळ पाळतायत की थायलंडचं, जे एक तास मागे आहे, ते रिसेप्शनवर विचारायचं. चंद्र उशिरा उगवला तर डायनिंग रूम आणि बुफे बंद झालेला असू शकतो, म्हणून हेड वेटरला सकाळीच सांगून ठेवा की आमच्या आजी रात्री उशिरा जेवणार, कांदा-लसणाशिवाय काहीतरी काढून ठेवा किंवा त्या वेळी कुठे काय उघडं असतं ते सांगा. सोबत सीलबंद पाकिटातले राजगिऱ्याचे लाडू, खजूर असू द्या. वरच्या उघड्या डेकवर चंद्र मुलुंडपेक्षा नक्की चांगला दिसेल, ढग नसले तर. आणि त्या रात्री तुमचं दोघांचं डिनर ठेवू नका एवढं मात्र पाळा, ते खरंच बरं दिसणार नाही.

आता हे वाचून 'म्हणजे पॅकेज घेऊच नये' असं बाकीच्यांनी ठरवू नका. सात रात्रींची क्रूझ असेल, त्यात तीन-चार दिवस समुद्रातच असतील, दोघंच असाल, सगळं खाणारे असाल, आणि डायनिंग रूमच्या गर्दीचा कंटाळा येत असेल तर पॅकेज खरंच स्वस्त पडतं, तिथं वर सांगितलेली संध्याकाळींची मोजणी करून बघा, निदान चार-पाच मोकळ्या संध्याकाळी निघाल्या तर बिनधास्त घ्या. घरातल्या एखाद्यानेच घेतलं तर चालतं का हे मात्र आधी विचारायचं, सगळीकडे नियम सारखे नसतात. नॉर्वेजियनसारख्या कंपन्या तिकिटासोबतच्या एकत्र ऑफरमध्ये स्पेशॅलिटीची काही जेवणं देतात, तिथं आधी काय मिळालंय ते वाचा मग वरचं घ्या. ओशिनिया, व्हायकिंग, रीजंट यांच्या जहाजांवर अशा रेस्टॉरंटचे वेगळे पैसेच नसतात, तिकीट मात्र त्या मानाने जाडजूड. आणि आपल्या मुंबईहून कॉर्डेलियावर गोव्याला दोन-तीन रात्री जाणाऱ्यांचे प्रश्नही येतात, त्यांना एवढंच की तिथं मुळात भारतीय जेवण, जैनसुद्धा, तिकिटात आहे आणि संध्याकाळी मोजून दोन-तीन, वेगळं काही खावंसं वाटलं तर त्या दिवशी त्या जेवणाचे पैसे द्या आणि मोकळे व्हा.

ताई, तुम्हाला शेवटची एक सूचना, जहाजावरच्या पहिल्या दुपारची. चढल्याबरोबर लिफ्टपाशी, बुफेच्या दाराशी, कधी कधी जेवणाच्या टेबलापर्यंत हसऱ्या चेहऱ्याची मुलंमुली येऊन पॅकेज विकतात, आजच घेतलं तर अमुक टक्के सूट, फक्त आज. मिस्टर तिथं पाघळण्याची शक्यता मला पत्रावरूनच दिसतेय. तेव्हा चौथ्या रात्रीच्या टेबलाचं कन्फर्मेशन फोनमध्ये त्यांच्याकडेच देऊन ठेवा, आणि कोणी विचारलं की 'आमचं बुकिंग झालंय' एवढंच त्यांनी म्हणायचं.